मोडलेल्या वेळूचे गणित: ‘लीलावती’तले की चीनमधले?

वेळूबन

माझी भाची यंदा दहावीला आहे. पायथागोरसचे प्रमेय शिकवताना मी तिला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तला हा श्लोक दिला:

यदि समभुवि वेणुर्द्वित्रिपाणिप्रमाणो
गणक पवनवेगादेकदेशे स भग्नः ।
भुवि नृपमितहस्तेष्वङ्ग लग्नं तदग्रं
कथय कतिषु मूलादेष भग्नः करेषु ॥

सपाट जमिनीवर बत्तीस हातांचा वेळू उभा आहे. वाऱ्याच्या जोराने तो एके ठिकाणी मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तर तो बुंध्यापासून किती हातांवर मोडला? तिने समीकरण मांडून बारा हे उत्तर काढले आणि आम्ही दोघीही खूश झालो.

पुढे वाचताना असे आढळले की चीनमधील ‘गणितकलेची नऊ प्रकरणे’ या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात हेच गणित आहे. तिथे बांबू दहा छी (छी हे लांबीचे चिनी माप) उंच आहे आणि शेंडा तीन छींवर टेकतो. तो ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत सिद्ध झालेला होता आणि ‘लीलावती’ ११५० सालची, म्हणजे मधले अंतर हजार वर्षांहून अधिक आहे. भाचीने विचारले, “मग हे गणित आपले की त्यांचे?” मला उत्तर देता आले नाही. गणित प्रवास करत इकडे आले असेल, की दोन्हीकडे आपापले सुचले असेल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अक्षरवाट

माझ्या मते या प्रश्नाची सुरुवात प्रमेयाच्या नावापासून करायला हवी. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायन शुल्बसूत्रात स्पष्ट लिहिले आहे: “दीर्घचतुरस्रस्याक्ष्णयारज्जुः पार्श्वमानी तिर्यङ्मानी च यत्पृथग्भूते कुरुतस्तदुभयं करोति.” आयताची लांबी व रुंदी स्वतंत्रपणे जेवढी क्षेत्रे निर्माण करतात, त्या दोन्हींइतके क्षेत्र कर्णाची दोरी एकटी निर्माण करते. हे सूत्र पायथागोरसच्या काळाआधीचे मानले जाते. तरीही आपल्या मुलांच्या पुस्तकात पायथागोरसचे नाव का असावे? वेळूचे गणित हे याच सूत्राचे उपयोजन असल्यामुळे ते आपलेच आहे, असे मी भाचीला सांगितले असते.

ओळंबा

मी बांधकाम क्षेत्रात तीस वर्षे आहे. आमचे गवंडी पायाची आखणी करताना कोपऱ्यापासून एका सुतळीवर तीन फूट आणि दुसरीवर चार फूट मोजून खुणा करतात. दोन खुणांमधले अंतर पाच फूट भरले की कोपरा गुण्यात आहे, असे मानून फक्की मारतात. यांतल्या बहुतेकांनी पायथागोरसचे नाव ऐकलेले नाही आणि बौधायनाचेही नाही. त्यामुळे एखादी गोष्ट ‘माहीत असणे’ म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवावे असे मला वाटते. प्राचीन इजिप्तमध्येही बारा गाठींची दोरी वापरून असेच काटकोन आखत, असे मी लहानपणापासून वाचत आलो आहे.

मृण्मयी

ओळंबा, इजिप्तच्या बारा गाठींच्या दोरीची कथा सर्वत्र छापली जाते, परंतु तिला तत्कालीन पुरावा नाही. ती एकोणिसाव्या शतकातील एका जर्मन इतिहासकाराची अटकळ होती आणि पुढे तीच वस्तुस्थिती म्हणून रूढ झाली. बर्लिनमधील एका पपायरसवर, दोन चौरसांची मिळून शंभर क्षेत्रफळ आणि बाजूंचे प्रमाण एकास पाऊण, असे गणित मात्र आहे. त्याचे उत्तर सहा व आठ येते. त्यापलीकडे ठाम विधान करता येत नाही.

अक्षरवाट यांच्या मुद्द्याबद्दल: निकष केवळ ‘आधी कोण’ हा असेल, तर बौधायनाच्याही कित्येक शतके आधी मेसोपोटेमियात जावे लागेल. येल विद्यापीठाच्या संग्रहात तळहातावर मावेल अशी मातीची एक गोल वडी आहे. तिच्यावर चौरस, त्याचे दोन्ही कर्ण आणि तीन संख्या कोरल्या आहेत. साठमान पद्धतीत लिहिलेली त्यातील एक संख्या १. २४, ५१, १० ही आहे. दशमान पद्धतीत ती १.४१४२१२९६ होते, म्हणजे दोनचे वर्गमूळ दशांशानंतर पाच स्थळांपर्यंत अचूक. कोलंबिया विद्यापीठातील ‘प्लिंप्टन ३२२’ ही वडी इसवी सनापूर्वी सुमारे १८०० या काळातील आहे. तिच्यावर पंधरा ओळींत काटकोन त्रिकोणांच्या पूर्णांक बाजू मांडल्या आहेत. एका ओळीतील बाजू १२७०९ आणि कर्ण १८५४१ आहे, आणि तिसरी बाजू १३५०० येते. इतक्या मोठ्या संख्या चाचपडत सापडत नाहीत, त्यामागे निश्चित रीत असली पाहिजे. ती वडी कशासाठी लिहिली गेली यावर विद्वानांत अजून वाद आहे. कोणी तिला त्रिकोणमितीचे कोष्टक मानतात, तर कोणी शिक्षकाने उदाहरणे रचण्यासाठी केलेली यादी.

वेळूबन यांच्या प्रश्नाला जवळचा असा बॅबिलोनी नमुनाही आहे. ब्रिटिश म्युझियममधील एका वडीवर भिंतीला उभ्या टेकवलेल्या तुळईचे गणित आहे. तुळई तीस एकक लांब आहे आणि वरचे टोक सहा एकक खाली घसरले. खालचे टोक भिंतीपासून किती सरकले? उत्तर अठरा. वेळूऐवजी तुळई आहे, पण त्रिकोण तोच.

अक्षरवाट

मृण्मयीताई, वड्यांवर संख्या आहेत, नियम कुठे आहे? बौधायनाने नियम शब्दांत सांगितला, कोणत्याही आयतासाठी सांगितला. माझ्या मते पन्नास उदाहरणे आणि एक सामान्य विधान यांत मूलभूत फरक आहे.

मृण्मयी

फरक आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र हाच निकष पुढे नेला तर ग्रीकांचे पारडे जड होते, कारण युक्लिडने इसवी सनापूर्वी सुमारे ३०० मध्ये ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या ग्रंथाच्या ४७व्या विधानात या प्रमेयाची गृहीतकांपासून सिद्धता दिली. पायथागोरसने स्वतः लिहिलेली एकही ओळ उपलब्ध नाही, आणि प्रमेयाशी त्याचे नाव जोडणारे सर्व लेखक त्याच्यानंतर शतकांनी झालेले आहेत. म्हणून प्रमेयाला ‘युक्लिडचे’ म्हटले असते तर माझी हरकत नव्हती, ‘पायथागोरसचे’ म्हणण्याला मात्र आधार कमी आहे.

सुश्लोक

मी संस्कृत शिकवतो आणि गणिताचा केवळ वाचक आहे, म्हणून चूक झाल्यास दुरुस्त करावी.

शुल्बसूत्र वाचताना ते कशासाठी लिहिले गेले हे समजून घेतल्याशिवाय त्यातील विधानाची खोली कळत नाही. अग्निचयनात वेदीचा आकार बदलतो, कधी ती ससाण्याची असते, कधी रथचक्राची, परंतु तिचे क्षेत्रफळ साडेसात वर्ग पुरुषच (पुरुष हे लांबीचे माप) ठेवावे लागते. पाच थर आणि प्रत्येक थरात दोनशे विटा हा नियमही पाळायचा असतो. म्हणून दोन चौरसांचा मिळून एक चौरस करणे, आयताचा चौरस करणे, या गोष्टी त्या याज्ञिकांना खरोखर कराव्या लागत होत्या. “करोति” हे क्रियापद त्यासाठीच आहे: दोरी क्षेत्र ‘करते’. विधान बाजूंच्या लांबीबद्दल नसून जमिनीवर आखल्या जाणाऱ्या क्षेत्रांबद्दल आहे. आपस्तंब या दुसऱ्या शुल्बसूत्रकाराने तर महावेदी आखण्यासाठी ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७ आणि १२-३५-३७ असे निरनिराळे त्रिकोण सांगितले आहेत. ती वेदी समलंब चौकोनाची असते, पूर्व-पश्चिम छत्तीस, पश्चिमेकडे तीस आणि पूर्वेकडे चोवीस. ओळंबा यांचे गवंडी जे करतात त्याचाच हा विस्तार आहे.

आता सिद्धतेबद्दल. भारतीयांना उपपत्तीची गरज वाटत नव्हती, असे विधान नेहमी केले जाते आणि ते मला फार खटकते. भास्कराचार्य ‘बीजगणिता’त विचारतात: “क्षेत्रे तिथिनखैस्तुल्ये दोःकोटी तत्र का श्रुतिः । उपपत्तिश्च रूढस्य गणितस्यास्य कथ्यताम् ॥” काटकोनाची एक बाजू म्हणजे भुज तिथींइतका म्हणजे पंधरा, दुसरी बाजू म्हणजे कोटी नखांइतकी म्हणजे वीस, तर कर्ण किती, आणि या रूढ गणिताची उपपत्तीही सांगा. उत्तरात ते कर्णावरच्या चौरसात असे चार त्रिकोण बसवतात. मध्ये पाच बाजूचा लहान चौरस उरतो. चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ सहाशे, त्यात पंचवीस मिळवले की सहाशे पंचवीस, म्हणून कर्ण पंचवीस.

दूरदेशी

सुश्लोक यांनी सांगितलेली आकृती वाचून मी उठून पुस्तक काढले, कारण अगदी हीच आकृती चीनमध्ये तिसऱ्या शतकातील चाओ श्वांग याच्या भाष्यात आहे. तिथे बाजू तीन आणि चार आहेत, मधला चौरस एकचा आहे. चार त्रिकोणांचे चोवीस आणि एक मिळून पंचवीस. चिनी भाषेत या प्रमेयाला ‘गोउ-गू’ म्हणतात, म्हणजे काटकोनाची आखूड बाजू आणि लांब बाजू. कर्णाला ते ‘श्येन’ म्हणतात, म्हणजे धनुष्याची दोरी. तिथल्या पाठ्यपुस्तकांत आजही गोउ-गू हेच नाव आहे.

नांदगावकर

धाग्यावर माझ्या गावाचे नाव यावे म्हणून लिहीत नाही, संबंध खरा आहे. ‘लीलावती’वरील ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली लिहिली, आणि ते कोकणातील मुरुडजवळच्या नांदगावचे. महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके ज्यांच्या ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथावरून केली जात होती, तेच हे गणेश दैवज्ञ. त्यांची टीका मुख्यतः उपपत्तींसाठीच वाचली जाते. आमच्याकडे समुद्राकाठी वाऱ्याने मोडलेला बांबू पाहायला पुस्तकाची गरज पडत नाही, त्यामुळे हे उदाहरण त्यांनाही जवळचे वाटले असावे असे मला नेहमी वाटते.

अक्षरवाट

चर्चा छान चालली आहे आणि माझे काही आग्रह सैल झाले आहेत, हे मोकळेपणाने सांगतो. परंतु मूळ प्रश्न बाजूला पडला. वेळूचे गणित चीनमधून आले का?

दूरदेशी

दोन्ही ग्रंथांतल्या रीती शेजारी ठेवून पाहू. ‘नऊ प्रकरणां’तील रीत अशी: जमिनीवरील अंतराचा वर्ग करा, त्याला बांबूच्या उंचीने भागा, भागाकार उंचीतून वजा करा आणि निम्मे करा. तीनाचा वर्ग नऊ, भागिले दहा, म्हणजे नऊ दशांश. दहातून वजा केल्यास नऊ पूर्णांक एक दशांश, त्याचे निम्मे चार पूर्णांक अकरा विसांश. भास्कराचार्यांची रीत सुश्लोक सांगतील तर बरे.

सुश्लोक

“वंशाग्रमूलान्तरभूमिवर्गो वंशोद्धृतस्तेन पृथग्युतोनौ । वंशौ तदर्धे भवतः क्रमेण वंशस्य खण्डे श्रुतिकोटिरूपे ॥” शेंडा व बुंधा यांमधील जमिनीच्या अंतराचा वर्ग करून त्याला वेळूच्या लांबीने भागावे. तो भागाकार वेळूच्या लांबीत एकदा मिळवावा, एकदा वजा करावा, आणि दोन्हींचे निम्मे करावे. सोळाचा वर्ग २५६, भागिले बत्तीस म्हणजे आठ. चाळीसचे निम्मे वीस हा कर्ण, चोविसाचे निम्मे बारा ही कोटी.

रीत तंतोतंत तीच आहे. लिहिताना माझेही मन थोडे हलले.

ओळंबा

यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही असे मला वाटते. कर्ण आणि कोटी यांची बेरीज दिलेली आहे आणि त्यांच्या वर्गांचा फरकही माहीत आहे. वर्गांच्या फरकाला बेरजेने भागले की वजाबाकी मिळते, आणि बेरीज व वजाबाकी हाती आली की दोन्ही संख्या मिळतात. हे गणित सोडवायची यापेक्षा सरळ वाट नाही, म्हणून दोन माणसे तिथेच पोहोचणार. एकाच डोंगरावर चढणाऱ्या दोन गावांच्या पाऊलवाटा माथ्यावर एकत्र येतातच.

मृण्मयी

ओळंबा यांचे म्हणणे वजनदार आहे, तरी एक गोष्ट विचारात घ्यावी. केवळ वेळू असता तर योगायोग मानता आला असता. ‘नऊ प्रकरणां’त तळ्यातल्या वेताचेही गणित आहे: दहा छी बाजूचे चौकोनी तळे, मध्यभागी पाण्यावर एक छी डोकावणारा वेत, तो ओढला तर काठाला टेकतो. पाण्याची खोली बारा छी. ‘लीलावती’त चक्रवाक-क्रौंचांनी गजबजलेल्या तळ्यात पाण्यावर अर्धा हात आलेले कमळ वाऱ्याने सरकत दोन हातांवर बुडते, आणि खोली पावणेचार हात येते. एकाच प्रमेयासाठी दोन्हीकडे वेळू आणि दोन्हीकडे पाण्यातली वनस्पती, हे मला निव्वळ योगायोगाचे वाटत नाही. संपर्क होताच. चीनच्या तांग दरबारात आठव्या शतकात गौतम सिद्ध नावाचा भारतीय वंशाचा ज्योतिषी अधिकारपदावर होता आणि त्याने ‘नवग्रह’ पंचांग चिनी भाषेत नेले. अर्थात हा पुरावा भारतातून चीनकडे जाण्याचा आहे, उलट दिशेचा तितका थेट पुरावा मिळत नाही.

ध्रुवमत्स्य

अनेक दिवस धागा वाचतो आहे, आज लिहिण्यासारखे आहे म्हणून लिहितो.

भारतात वेळूचे गणित भास्कराचार्यांच्या आधी पाचशे वर्षे होते. आर्यभटीयावर इ.स. ६२९ मध्ये भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराने ते दिले आहे: अठरा उंचीचा वेळू, शेंडा सहावर. छत्तीस भागिले अठरा म्हणजे दोन, अठरातून दोन वजा करून निम्मे केले की आठ, उरलेला मोडलेला भाग दहा. परंतु महत्त्वाचे हे की त्याने हे उदाहरण आर्यभटाच्या कोणत्या श्लोकाखाली दिले. “वृत्ते शरसंवर्गोऽर्धज्यावर्गः” हे ते सूत्र. वर्तुळात जीवेला लंब असलेल्या व्यासाचे जे दोन भाग पडतात, त्यांना शर म्हणतात, आणि त्या दोन शरांचा गुणाकार अर्ध्या जीवेच्या वर्गाइतका असतो.

आता वेळू पाहा. जिथे तो मोडला तो बिंदू वर्तुळाचा मध्य समजा आणि मोडलेला भाग ही त्रिज्या. शेंडा जमिनीपर्यंत येताना वर्तुळाचा कंस काढतो. जमीन ही जीवा, बुंध्यापासून शेंड्यापर्यंतचे अंतर ही अर्धी जीवा. बुंध्यापासून वर वेळूच्या मूळ टोकापर्यंत, म्हणजे अख्खा वेळू, हा मोठा शर. जमिनीखाली वर्तुळाचा जो भाग जातो तो धाकटा शर. अर्ध्या जीवेच्या वर्गाला वेळूने भागले की धाकटा शर मिळतो, वेळूत तो मिळवला की व्यास, आणि व्यासाचे निम्मे म्हणजे मोडलेला भाग. कमळाचे गणितही त्याने याच श्लोकाखाली घेतले आहे, आणि भिंतीवरचा बहिरी ससाणा व उंदीर यांचेही.

चीनमध्ये ल्यू ह्वे याने इ.स. २६३ मध्ये ‘नऊ प्रकरणां’वर भाष्य लिहिले. तो याच रीतीचे स्पष्टीकरण क्षेत्रांनी देतो: कर्णाच्या चौरसातून कोटीचा चौरस काढला की उरणारी काटकोनी पट्टी भुजाच्या वर्गाइतकी असते, आणि ती सरळ करून मांडली की तिची लांबी कर्ण व कोटी यांची बेरीज होते. वर्तुळ त्यात कुठेही नाही.

म्हणजे अंकांची रीत एक, उदाहरणही एक, पण ‘का’ याचे उत्तर दोन ठिकाणी दोन वेगळ्या विचारांतून आले. भारतीय गणिती ग्रहगणितासाठी जीवा आणि शर यांच्यासोबत राहत होते, म्हणून त्यांना मोडणाऱ्या वेळूत वर्तुळ दिसले. चिनी गणिती क्षेत्रे कापून जुळवण्यात तरबेज होते, म्हणून त्यांना पट्टी दिसली. उदाहरण व्यापाऱ्यांबरोबर किंवा भिक्षूंबरोबर कोणत्या दिशेने आले-गेले असेल ते असो, माझ्या दृष्टीने दोन्ही उपपत्ती स्वतंत्र आहेत आणि आपापल्या घरच्या आहेत.

अक्षरवाट

ध्रुवमत्स्य, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि कागदावर वर्तुळ काढून पाहिले. ‘कोणाचे’ या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर होते, ते मी मागे घेतो.

दूरदेशी

एक भर: फ्लॉरेन्समध्ये १४९१ साली छापलेल्या फिलिप्पो कालांद्री याच्या अंकगणितातही मोडलेल्या झाडाचे सचित्र उदाहरण आहे. तिथे बांबूऐवजी नदीकाठचे झाड झाले.

वेळूबन

सर्वांचे मनापासून आभार. काल भाचीला दोन्ही उपपत्ती दाखवल्या. तिला वर्तुळाची अधिक आवडली, कारण शेंडा पडताना दिसतो असे ती म्हणाली. मग तिने श्लोकावर बोट ठेवून विचारले की “समभुवि” हा शब्द छंदासाठी आहे की गणितासाठी. जमीन चढाची असती तर?

सुश्लोक

गणितासाठीच. सपाट जमिनीशिवाय काटकोन मिळत नाही, म्हणून तो शब्द पहिल्याच चरणात आला आहे.

ध्रुवमत्स्य

चढ असेल तर त्रिकोण काटकोनी राहत नाही आणि युक्लिडच्या दुसऱ्या ग्रंथातील १३व्या विधानाकडे जावे लागते, तरी समीकरण एकघाती राहते. शेंडा टेकला ती जागा बुंध्यापेक्षा जितकी उंच, तितके वेळूच्या लांबीतून वजा करून दुप्पट करावे, आणि लांबी व अंतर यांच्या वर्गांच्या फरकाला त्याने भागावे. भाचीला ‘लीलावती’चेच आकडे द्या: वेळू बत्तीस हात, चढावर मोजलेले अंतर सोळा हात, शेंडा बुंध्यापेक्षा आठ हात उंचावर. ७६८ भागिले ४८ म्हणजे सोळा. वेळू बरोबर मध्यावर मोडलेला असतो आणि त्रिकोण समभुज होतो. तिला आकृती काढून पडताळून पाहू द्या, चढ तीस अंशांचा येईल.